मृत्युपत्र न करता आई-वडील गेले तर: वारस ठरवण्यापासून वाटपापर्यंतचा योग्य क्रम

मृत्युपत्र नसले की सगळे आपोआप आईचे होते. नॉमिनी असलेला मुलगा मालक होतो. लग्न झालेल्या बहिणीची फक्त सही लागते, तिला हिस्सा नसतो. या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि घरोघरचे वाद बहुतेक यांतूनच उभे राहतात.

मृत्युपत्र नसेल तर कोणाला किती मिळणार हे कायदा ठरवतो. तो हक्क मृत्यूच्या क्षणीच निर्माण होतो. पुढची धावपळ हा हक्क कागदावर आणण्यासाठी असते आणि चूक होते ती क्रमात. लोक आधी वाटप ठरवतात, मग त्या वाटपाला सोयीची वारसांची यादी तयार करतात. क्रम नेमका उलटा हवा: आधी सगळे वारस कागदावर, मग सगळ्यांची नावे मालमत्तेवर, आणि शेवटी वाटप किंवा हक्कसोड.

हा लेख महाराष्ट्रातील मालमत्तेपुरता आहे. यातले हिस्से हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे आहेत. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू होतो. इतरांसाठी टिप्पणी तिसऱ्या टप्प्यात आहे.

टप्पा १: मृत्युपत्र खरोखर नाही ना, हे पाहा

पुढे प्रत्येक कार्यालयात "मयताने मृत्युपत्र केलेले नाही" असे प्रतिज्ञापत्र तुम्हाला द्यावे लागेल. शोध न घेता ते देऊ नका. साध्या कागदावर लिहिलेले, नोंदणी न केलेले मृत्युपत्रही दोन साक्षीदारांच्या सह्या रीतसर झाल्या असतील तर वैध असते. त्यामुळे "नोंदणी नाही म्हणजे मृत्युपत्र नाही" हे गृहीत धरू नका. कपाट, बँकेचे लॉकर, नेहमीचे वकील, कर सल्लागार, जवळचे मित्र यांच्याकडे विचारा. मयत जिथे राहत होते आणि जिथे त्यांची मालमत्ता आहे, त्या भागातील दुय्यम निबंधक कार्यालयांत नोंद शोधा.

टप्पा २: मृत्यू दाखला, आणि त्यावरचे नाव

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. उशीर झाला तर विलंब शुल्क लागते, आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर माहिती रुग्णालय पाठवते. घरी झाला असेल तर ती जबाबदारी कुटुंबाची.

खरा घोळ नावाचा असतो. सातबाऱ्यावर "रामचंद्र", आधारवर "रामचंद्रराव" आणि बँकेत नुसते "आर." असे असले की प्रत्येक खिडकीवर काम अडते. दाखला हातात घेण्याआधी त्यावरचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, पत्ता आणि तारीख नीट वाचा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. जुन्या कागदांवर वेगळे नाव असेल तर ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा. दाखल्याच्या डझनभर प्रती घ्या.

*सावध:* मयताचा मोबाइल नंबर लगेच बंद करू नका, पॅनही परत करू नका. बँक, विमा आणि प्राप्तिकराची कामे संपेपर्यंत दोन्ही लागतात. मात्र त्यांचे एटीएम कार्ड वापरून किंवा मोबाइलवरून पैसे काढू नका. अंत्यविधीच्या खर्चासाठी काढले तरीही पुढे दुसरा वारस हिशेब मागू शकतो, आणि तो मागण्याचा त्याला हक्क आहे.

टप्पा ३: वारसांची पूर्ण यादी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ही यादी चुकली तर पुढचा प्रत्येक कागद चुकतो.

वडील गेले असतील तर त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेचे पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई. प्रत्येकाला समान हिस्सा. लग्न झालेल्या आणि न झालेल्या मुलीत फरक नाही. वडिलांचे वडील, म्हणजे आजोबा, पहिल्या वर्गात येत नाहीत, आजी येते. आणि विसरली जाते तीही आजीच.

समजा वडिलांच्या मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि आई आहेत. पाच वारस, प्रत्येकी एक पंचमांश. आजी वर्षभराने मृत्युपत्राशिवाय गेली, तर तिचा पंचमांश तिच्या स्वतःच्या वारसांकडे जातो. त्यात हयात असलेले काका आणि आत्या आले. वडिलांच्या जागी त्यांची मुलेही आली, पण ती सगळी मिळून एकच वाटा घेतात. घर अजून वडिलांच्याच नावावर आहे म्हणून काकांचा संबंध नाही, असे म्हणून चालत नाही. म्हणून आजी हयात असेल तर तिचे नाव पहिल्याच यादीत घ्या आणि तिला तिचा हिस्सा कोणाला द्यायचा आहे हे तिच्या हयातीत, तिच्या मर्जीने, लेखी होऊ द्या.

वडिलांच्या आधी एखादा मुलगा वारला असेल तर त्याची विधवा आणि मुले मिळून त्याचा एक हिस्सा घेतात. आधी मुलगी वारली असेल तर तिची मुले तिचा हिस्सा घेतात. जावयाला मात्र त्यात काही मिळत नाही.

आई गेली असेल तर नियम वेगळा आहे, आणि वडिलांचाच नियम इथे लावणे ही फार नेहमीची चूक आहे. आईच्या नावावरच्या मालमत्तेचे पहिले वारस म्हणजे तिचा पती, मुलगे आणि मुली. आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलेही येतात. पण आधी वारलेल्या मुलाची विधवा, म्हणजे सून, इथे वारस नाही. तिची मुले आहेत. आईची सासू आणि आईची स्वतःची आईही या पहिल्या यादीत नाहीत.

मृत्यूंचा क्रम लिहून काढा. "आधी वारला" आणि "नंतर वारला" यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. भाऊ वडिलांच्या नंतर, पण कागदपत्रे होण्याआधी वारला, तर वडिलांचा हिस्सा त्याला मिळालेलाच होता. तो त्याच्या वारसांकडे, म्हणजे पत्नी, मुले आणि आईकडे जातो. बहीण नंतर वारली आणि तिला मुले असतील, तर तिचा हिस्सा तिचा पती आणि मुले यांच्याकडे जातो. मुले नसतील तर वडिलांकडून आलेला तो हिस्सा वडिलांच्या वारसांकडे परत येतो. त्यामुळे वंशावळीत प्रत्येक मृत नावापुढे मृत्यूची तारीख हवीच.

दत्तक मुलाला जन्मलेल्या मुलाइतकाच हक्क आहे. सावत्र मुलाला सावत्र वडिलांकडून वारसाहक्क मिळत नाही. वडिलांचा दुसरा विवाह कायद्याने अवैध असला तरी त्या विवाहातील मुले त्यांच्या मालमत्तेत वारस असतात. ती यादीतून वगळण्याचा मोह होतो, हे मला ठाऊक आहे. तरीही वगळू नका. अशी लपवलेली नोंद वर्षानुवर्षांनी उघडी पडते आणि झालेले व्यवहार अडचणीत येतात.

वडिलोपार्जित मालमत्ता असेल तर मुलगी जन्मतःच मुलाइतकी सहहिस्सेदार असते. ९ सप्टेंबर २००५ पासून हा बदल लागू झाला. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र कायम राहते. मालमत्ता वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित यावर घरात मतभेद असतील, तर आधी दिवाणी वकिलाचे लेखी मत घ्या.

*इतर धर्मीयांसाठी:* मुस्लिम कुटुंबात वैयक्तिक कायद्याने हिस्से ठरतात. मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा, आणि मुले असल्यास पत्नीला एक अष्टमांश. ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो: पत्नीला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये समान. पारशी कुटुंबांसाठी त्याच कायद्यात वेगळी कलमे आहेत. विशेष विवाह कायद्याखाली आंतरधर्मीय लग्न झाले असेल तर कोणता कायदा लागू होतो हे आधी वकिलाकडून ठरवून घ्या.

*तपासा:* यादी पूर्ण झाल्यावर ती प्रत्येक वारसाला दाखवा, विशेषतः परगावच्या बहिणीला. आक्षेप असेल तर तो आत्ता घरात येऊ दे.

टप्पा ४: मालमत्ता आणि देणी

एकाच वहीत सगळे लिहा: घर, शेती, बँका, पतसंस्था, पोस्ट, विमा, भविष्य निर्वाह निधी, शेअर, म्युच्युअल फंड, लॉकर, वाहन, दागिने, कोणाला दिलेले हातउसने. मागच्या दोन-तीन वर्षांचे बँक पासबुक ओळीओळीने वाचले तर विम्याचे हप्ते, लाभांश, लॉकरचे भाडे असे बरेच काही हाती लागते. प्राप्तिकर विवरणपत्रातूनही व्याजाचे स्रोत कळतात. जुन्या, विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचे 'उद्गम' पोर्टल आहे. दहा वर्षे व्यवहार न झालेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते, पण वारसांचा हक्क जात नाही. मूळ बँकेकडेच मागणी करायची.

देणीही त्याच वहीत. वडिलांचे कर्ज वारसांना मिळालेल्या मालमत्तेतून वसूल होऊ शकते, त्यापलीकडे वारसाच्या स्वतःच्या कमाईतून नाही. अर्थात तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार असाल तर गोष्ट वेगळी. वसुलीवाल्याच्या दबावाखाली "मी फेडतो" असे लिहून देण्याआधी थांबा. गृहकर्जाला विमा जोडलेला होता का, हेही बँकेला लेखी विचारा.

वाहन असेल तर परिवहन कार्यालयाला मृत्यूची माहिती ३० दिवसांत द्या. तसे केले तर वाहन तीन महिने वापरता येते. तेवढ्या वेळात नाव बदलून घ्यायचे.

टप्पा ५: नॉमिनी असलेल्या रकमा

नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा विश्वस्त. संस्थेने त्याला रक्कम दिली की संस्थेची जबाबदारी संपते, वारसांचा हक्क संपत नाही. बँक ठेवींबाबत हेच, शेअरबाबत हेच; शेअरचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये निकालात काढला. अपवाद विम्याचा: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आयुर्विम्यात पालक, जोडीदार किंवा मुले नॉमिनी असतील तर सामान्यतः ती रक्कम त्यांचीच होते.

म्हणून नॉमिनी असलेल्या भावाने पैसे आले की ते वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि रक्कम सगळ्यांना कळवावी. एवढे केले तरी घरातला विश्वास टिकतो. "कोणीही एक किंवा हयात असलेला" अशा संयुक्त खात्यातही हयात खातेदाराला पैसे मिळतात, पण इतर वारसांचा दावा त्याने मिटत नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरते सभासद करून घेतात. भागपत्रावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, त्याचे नाव चढले म्हणजे सदनिका त्याची झाली, असे नाही.

टप्पा ६: कोणता दाखला कशासाठी

इथे पैसा आणि महिने वाया जातात, कारण लोक चुकीचा दाखला काढतात.

बँक ठेवी, शेअर, येणी यांसाठी दिवाणी न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट. ते जंगम मालमत्तेसाठी आहे. घर आणि जमिनीसाठी ते चालत नाही. स्थावर मालमत्तेबाबत वारस कोण, हे न्यायालयाकडून ठरवून हवे असेल तर वारस दाखला, जो महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियमाखाली मिळतो. दोन्हींसाठी मयत राहत होते त्या हद्दीतील न्यायालयात अर्ज, सर्व वारसांना नोटीस, जाहीर नोटीस, हरकती, मग आदेश.

पण न्यायालयात जाण्याआधी संस्थेला लेखी विचारा की खरोखर काय लागेल. नॉमिनी नसलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांत सोपी पद्धत आहे: मर्यादा व्यापारी बँकांत किमान १५ लाख रुपये, सहकारी बँकांत ५ लाख. तेवढ्यापर्यंत हमीपत्र, वारसांबाबतचे घोषणापत्र आणि इतर वारसांची ना-हरकत यावर काम होते. डिमॅट खात्यातील शेअरसाठीही १५ लाखांपर्यंत सोपी पद्धत आहे. सर्व कागद दिल्यावर बँकेने दावा १५ दिवसांत निकाली काढायचा असतो, म्हणून कागद पोचल्याची पोच तारखेसह घ्या.

*सावध:* तहसील कार्यालयाचा दाखला सगळीकडे चालतो असे एजंट सांगतात. काही कामांना तो पुरतो, वादाच्या किंवा मोठ्या रकमेच्या प्रकरणात पुरत नाही. आधी लेखी विचारा, मग पैसे भरा.

टप्पा ७: जमीन आणि घरावर वारस नोंद

शेतजमिनीसाठी ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपला तलाठी, यांच्याकडे मृत्यूपासून तीन महिन्यांत वारस नोंदीचा अर्ज करायचा असतो. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण टाळू नका. सोबत मृत्यू दाखला, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, सर्व वारसांचे पत्ते आणि ओळखपत्रे, सातबारा आणि आठ-अ. अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो. वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, नोंद होते. मग फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जाऊन सुनावणी होते. निर्णय मान्य नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील.

नोंद प्रमाणित झाली की नवीन सातबारा काढा आणि तीन गोष्टी पाहा.

एक, बहिणींची नावे भोगवटादारांच्या, म्हणजे जमीनधारकांच्या, रकान्यात आहेत की "इतर हक्क" मध्ये ढकललेली आहेत. वारस म्हणून त्यांची जागा भोगवटादार रकान्यातच आहे. दोन, कोणा एकाच्या नावापुढे "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असा शेरा आहे का. असा शेरा असेल तर बाकीच्यांची नावे आत दडली आहेत. ती वर आणून घ्या. तीन, वारसांपैकी अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, कोणी असेल तर पालकाचे नाव बरोबर आहे का.

शहरातील मिळकतीसाठी नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर वारस नोंद, सदनिकेसाठी संस्थेकडे भागपत्रावर नोंद. नॉमिनी नसेल तर संस्था जाहीर नोटीस देऊन हरकती मागवते आणि हमीपत्र घेते. महापालिकेचा मालमत्ता कर आणि वीजबिल सगळ्यात शेवटी. त्यावरचे नाव मालकीचा पुरावा नाही.

फेरफारही मालकी देत नाही. ती महसूल वसुलीसाठी केलेली नोंद आहे. पण चुकीचा फेरफार वर्षानुवर्षे पडून राहिला तर त्याच्या आधारे जमीन विकली जाते, म्हणून तो बरोबर असणे महत्त्वाचे.

टप्पा ८: आता वाटप किंवा हक्कसोड

सगळ्यांची नावे लागल्यावरच इथे या. तलाठ्यासमोर बहिणीने "मला काही नको" असा जबाब दिला म्हणजे तिचा हक्क सुटला, असे होत नाही. स्थावर मालमत्तेतील हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. ते कोणाच्या लाभात आहे हे स्पष्ट लिहा: आईच्या, एका भावाच्या की सगळ्या सहहिस्सेदारांच्या. बहिणीला वाटते आपण आईला दिले, आणि कागद धाकट्या भावाच्या नावे असतो. मोबदला घेतला असेल तर तोही लिहा. मुद्रांक शुल्क नाते आणि मालमत्तेचा प्रकार पाहून ठरते, दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारा.

हक्कसोडपत्र फसवणूक किंवा दबाव सिद्ध झाल्याशिवाय मागे घेता येत नाही. म्हणून भावांना एक मनापासून विनंती: दिवसकार्याच्या आठवड्यात बहिणीपुढे कागद ठेवू नका. आणि बहिणींनो, सही करण्याआधी पूर्ण मसुदा घरी नेऊन वाचा. देणे किंवा न देणे हा तुमचा निर्णय आहे. दिल्याने माया सिद्ध होत नाही, न दिल्याने आटत नाही.

प्रत्यक्ष वाटणी करायची असेल तर सर्वांच्या सह्यांचे नोंदणीकृत वाटणीपत्र. शेतजमिनीसाठी सहमतीने तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली अर्जही करता येतो. वाटपाबरोबर मोजणी करून घ्या, नाहीतर कागदावर वाटे पडतात आणि बांधावर भांडण राहते.

अज्ञान वारसाचा हिस्सा विकायचा किंवा सोडायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. आईची सही पुरत नाही. परदेशातील वारसाने मुखत्यारपत्र भारतीय दूतावासातून साक्षांकित करून पाठवावे, आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा.

कराबद्दल थोडक्यात

वारसाहक्काने मिळालेल्या मालमत्तेवर भारतात कर नाही. संपदा शुल्क, म्हणजे मयताच्या मालमत्तेवरचा कर, १९८५ मध्येच रद्द झाले. पण मयताच्या शेवटच्या वर्षाचे विवरणपत्र वारसाने भरायचे असते, त्यासाठी प्राप्तिकर पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करा. मिळालेले घर पुढे विकले तर भांडवली नफा वडिलांच्या खरेदी किमतीवरून मोजतात, म्हणून त्यांचे जुने खरेदीखत आणि दुरुस्तीच्या पावत्या जपून ठेवा.